टेपच्या भिंती

१

फोन आला तेव्हा त्याचे दोन्ही हात नकाशे छापणाऱ्या प्लॉटरच्या पोटात होते.

सबमिशनचा आठवडा होता. अशा आठवड्यात आर्किटेक्चर कॉलेजच्या तळमजल्यावर पाय ठेवायला जागा नसते. लेझर मशीनपाशी नंबरावरून भांडणं, वर्कशॉपमधून करवतीची किरकिर, आणि जिन्यावरून पोरं आपापली मॉडेलं छातीशी धरून अशी उतरत असतात, की जणू काल जन्मलेलं बाळच घरी नेताहेत. या सगळ्याच्या किल्ल्या त्याच्याकडे. प्लॉटर रूम, वर्कशॉप, मटेरियल लायब्ररी, मोठा हॉल. म्हणून पोरांनी त्याचं नाव किल्लीमामा ठेवलं होतं. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागली, आणि पगाराचा कागद सोडला तर आता सगळीकडे तेच चालायचं.

"मामा, माझी शीट अर्धीच आलीय हो," एक पोरगा रडकुंडीला आला होता.

"अर्धी आली ना? मग तिची बाकीची अर्धी कुठे जाणारेय. जरा दम खा."

फोन त्याने कान आणि खांद्यामध्ये धरला. दुसऱ्या गावच्या कॉलेजमधून होता. ताई तिथे परीक्षक म्हणून गेली होती.

"आपण मॅडमचे कोण?" पलीकडच्या माणसाने विचारलं.

"भाऊ."

"घरात आणखी कोणी आहे का? म्हणजे, ज्यांच्याशी बोलता येईल असं?"

"नाही. आम्ही दोघंच असतो."

मग त्या माणसाला सांगावंच लागलं. ज्यूरी, म्हणजे मुलांच्या कामाची तोंडी परीक्षा, चालू होती. एका मुलीचं मॉडेल आतून बघायला मॅडम वाकल्या, आणि तशाच खाली बसल्या. डॉक्टर लगेच आले होते. काही करायला उरलं नव्हतं.

"बरं," तो म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "बरं."

त्याने अडकलेला कागद ओढून काढला, रोल नीट बसवला, बाकीची अर्धी शीट येईपर्यंत थांबला. कटरने तिची कड सरळ कापली, गुंडाळी केली, रबर लावलं आणि पोराच्या हातात दिली.

"मामा, जीव वाचवलात," पोरगा म्हणाला आणि पळाला.

त्याने मशीन बंद केलं. "आज प्लॉटर बंद," रांगेला सांगितलं. रांगेने एकच गलका केला. मामा असं नका करू, मामा फक्त एक शीट, मामा प्लीज. त्याने कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली, आणि मग कोणत्या बाजूला चालायला लागायचं हेच त्याला कळेना.

२

मोठा हॉल म्हणजे ताईचं राज्य.

त्या हॉलमध्ये काहीच नव्हतं. गुळगुळीत करडी फरशी, उंच छत, आणि उत्तरेकडे वर एका रांगेत खिडक्या. त्यांतून येणारा उजेड इतका सारखा होता की खाली उभ्या माणसाची सावलीसुद्धा धड पडत नसे. कागदावर आखलेलं घर विद्यार्थ्यांनी इथे आणायचं आणि फरशीवर कागदी टेप चिकटवून खऱ्या मापात, एकास एक, उतरवायचं. मग त्यात चालून बघायचं. कागदावर ऐसपैस दिसणारं न्हाणीघर इथे कोपर आपटण्याइतकं निघे. ज्याने ते आखलं त्याचा चेहरा बघण्यासारखा होई.

ताईचे नियम दोनच. चपला-बूट बाहेरच्या मांडणीवर काढायचे, आणि भिंत ओलांडायची नाही. टेप दिसत असली तरी ती भिंत आहे. आत जायचं तर दारातून जायचं. नवीन पोरं हसत, आणि मग एकदा चुकून कोणी टेपवरून पाय टाकला की ताईचा आवाज येई, "आलात का भिंतीतून? लागलं नाही ना कुठे?" सगळा वर्ग हसे, आणि तो मुलगा पुन्हा कधी तसं करत नसे. शिकून गेलेली माणसं वर्षांनी भेटायला येत, तीसुद्धा रिकाम्या हॉलमध्ये टेप दिसली की आपसूक वळसा घालून दाराकडे जात. प्राचार्यबाई स्वतः ताईच्या विद्यार्थिनी. त्याही जात.

टेप लावायचीही एक रीत होती. आधी सगळ्या भिंती अखंड चिकटवायच्या. दारं मागाहून, चालून बघितल्यावर, जिथे पाऊल आपणहून वळेल तिथे कटरने कापून काढायची.

परीक्षेला जायच्या आदल्या दिवशी ताईने हॉलच्या एका अंगाला स्वतःचं घर चिकटवलं. स्वतःचं म्हणजे दोघांचं. ती या वर्षी निवृत्त होणार होती. कॉलेजचं क्वार्टर तिच्या नावावर, तेव्हा ते सुटणार. गावाबाहेर जमिनीचा एक तुकडा घेऊन ठेवला होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरांना नावं ठेवली, आता आपलं बांधू या, असं तिचं चाललं होतं.

ती गुडघ्यांवर रांगत होती आणि तो टेपचे रोल पुरवत होता. टेपचं टोक सापडावं म्हणून बाकीचे लोक ते दुमडून ठेवतात. ताई तसं कधी करत नसे. अंगठ्याच्या नखाने रोलवर खर्र खर्र करत टोक शोधायची. त्या आवाजाने त्याच्या दातांत कळ जाई, आणि ते माहीत असल्याने ती मुद्दाम जरा जास्तच करी.

पुढची खोली झाली, स्वयंपाकघर झालं, तिची खोली झाली. मधल्या बोळकांडीच्या शेवटी त्याची खोली. सगळी दारं कापून झाली, एक सोडून.

"तुझं दार कुठे काढू?" तिने विचारलं.

"काढ कुठेही."

"कुठेही म्हणजे? बोळात काढलं तर येणारा-जाणारा दिसेल. स्वयंपाकघराकडून काढलं तर चहाला बरं. माझ्या खोलीकडून काढलं तर—"

"तर तू उठसूट येशील डोकं खायला."

"म्हणूनच विचारतेय ना ठोंब्या. तू सांग. तू सांगेपर्यंत मी कापणार नाही. बस कोंडून."

"आल्यावर बघू," तो म्हणाला. जेवायची वेळ झाली होती.

३

सगळं आटोपून तो परत आला तोवर सुट्टी लागली होती.

क्वार्टरमध्ये त्याला बसवेना. दोन खोल्यांची जागा, पण ताई असताना ती कधी एवढी मोठी वाटली नव्हती. प्राचार्यबाई येऊन सांगून गेल्या, "मामा, नवं सत्र लागेपर्यंत राहा. घाई नाही." म्हणजे नवं सत्र लागल्यावर नाही, हे त्याला कळलं. त्यांचा दोष नव्हता, नियमच तो होता. जमिनीचा तुकडा विकावा असं नातेवाइकांनी फोनवर सुचवलं. एकट्या माणसाला काय करायचंय घर?

मग तो रोज सकाळी उठून कॉलेजात जाऊ लागला. काम होतंच. सत्राच्या शेवटी मटेरियल लायब्ररीची पार रया गेलेली असे. दगडांचे तुकडे लाकडांच्या खणात, काचेचे नमुने विटांच्या खाली, कापडांचे तुकडे भलतीकडेच. एकेक तुकडा पुसून जागच्या जागी ठेवायचा. दिवसभर कोणाशी शब्द बोलावा लागत नसे. वर्कशॉपमध्ये सुतारमिस्त्री यंत्रांना तेलपाणी करत असे. दुपारी चहाला तेवढे ते दोघं समोरासमोर बसत.

लायब्ररीची एक भिंत मोठ्या हॉलला लागून होती. तिसऱ्या की चौथ्या दिवशी दुपारी तो संगमरवराचा एक नमुना पुसत असताना भिंतीपलीकडे कोणीतरी चाललं.

आवाज तसा काहीच नव्हता. अनवाणी पाऊल गार फरशीवर पडतं आणि सुटतं, तेवढाच. त्याला वाटलं, सफाईवाले असतील. मग आठवलं, सफाई सुट्टी संपताना होते, आणि हॉलची किल्ली आपल्या खिशात आहे.

तो बाहेर जाऊन बघून आला. हॉलला कुलूप. चपलांची मांडणी रिकामी. कुलूप काढून दार लोटलं. आत तो करडा, सावली नसलेला उजेड होता आणि एका अंगाला ताईचं घर. टेपच्या रेघा काल चिकटवल्यासारख्या ताठ. दुसरं काही नव्हतं.

"पाइपांचा आवाज असेल," चहाच्या वेळी मिस्त्री म्हणाला. "टाकी भरली की जुने पाइप चालतात."

"पाइप चालतात?"

"म्हणजे तसा आवाज करतात हो. मामा, तुम्ही झोपता की नाही नीट?"

"झोपतो की."

"मग तेवढं तुमच्या तोंडालाही कळवा, कारण त्याच्याकडे बघून तसं काही वाटत नाही."

तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला, म्हणून गालांना ते विचित्र वाटलं.

४

पाइप असतील, हे त्याने मनाशी कबूल केलं होतं. माणूस शिकलेला होता. ड्राफ्टिंगचा डिप्लोमा होता, इमारतीचं पोट त्याला माहीत होतं. उन्हाने छताचा पत्रा फुगतो, सावलीत आवळतो. अर्धा दिवस मुकाट काम करणाऱ्या माणसाला स्वतःच्या कानातलं रक्तही ऐकू येतं. आणि ज्याचं माणूस गेलंय त्याच्या कानांवर तर अजिबात विश्वास ठेवू नये. हे सगळं त्याला पटत होतं.

फक्त एक गोष्ट त्यात बसेना. पावलं वळत होती.

रिकाम्या हॉलमध्ये माणूस चालला तर सरळ चालेल, नाहीतर भटकेल. ही पावलं पलीकडच्या टोकाला सुरू होत. थोडी चालत, थांबत. मग डावीकडे जात, तिथे काही वेळ घोटाळत. परत फिरून येत. मग सरळ, मग उजवीकडे. दोन-तीन दुपारी ऐकल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपलं बोट टेबलावरच्या धुळीत आपोआप फिरतंय. त्याने खाली बघितलं. धुळीत पुढची खोली होती, स्वयंपाकघर होतं, ताईची खोली होती.

पावलं दारांतून जात होती.

खरं सांगायचं तर भीतीच्या आधी वेगळंच काहीतरी झालं. कोणीतरी घरात आल्यासारखं वाटलं. संध्याकाळी क्वार्टरच्या दाराशी ताईची पिशवी टेकल्याचा आवाज यायचा, तेव्हा कामातून मान वर न करता त्याला जे वाटायचं, ते.

त्यानंतर तो दुपारची वाट बघू लागला.

स्वयंपाकघरात पावलं सर्वांत जास्त रेंगाळत. तिच्या खोलीत फारशी नाही. शेवटी ती बोळकांडीत येत आणि टोकाशी, त्याच्या खोलीच्या भिंतीपाशी थांबत. बस. पुढे काही नाही. कितीही वेळ कान देऊन बसलं तरी ती तिथून परत गेल्याचं त्याला एकदाही ऐकू आलं नाही. आणि दुसऱ्या दुपारी ती पुन्हा पुढच्या दारातून येत.

५

शेवटच्या वर्षाची एक मुलगी सुट्टीतही घरी गेली नव्हती. तिचं प्रबंधाचं काम मागे राहिलं होतं, नव्या सत्राच्या पहिल्याच आठवड्यात तिची ज्यूरी होती. ज्यूरीआधी तिला आपलं घर हॉलमध्ये चिकटवून चालून बघायचं होतं. ताईच तिची मार्गदर्शक होती.

"मामा, हॉल कधी मिळेल हो?" ती लायब्ररीच्या दारात उभी राहून विचारायची. नजर दुसरीकडे. मागायला तिला जड जात होतं.

"बघू."

"मी बघायला म्हणून मघाशी गेले होते, पण तुम्ही आत होतात, म्हणून नाही आले."

त्याच्या हातातलं फडकं थांबलं. "मघाशी म्हणजे?"

"दुपारी. तुम्ही चालत होतात ना आत? दाराबाहेर मी थोडा वेळ थांबले. म्हटलं, जाऊ दे, तुम्हाला एकटं..." तिने वाक्य सोडून दिलं. "सॉरी हं मामा."

"कुलूप नव्हतं?"

"कुलूप?" तिने आठवून बघितलं. "लक्ष नाही गेलं. पण तुमच्या चपला दिसल्या नाहीत, तेवढं वाटलं. मॅडमचा नियम तुम्हीच मोडलात की काय, म्हणून हसू आलं मला."

दुपारभर तो मिस्त्रीबरोबर वर्कशॉपमध्ये होता. मोठ्या करवतीचा पट्टा बदलत होते दोघं.

"हो," तो म्हणाला. "मीच होतो."

ती गेली. इतके दिवस ते पाइप तरी असू शकत होते, नाहीतर त्याचं दुःख. आता दोन्ही राहिलं नाही.

६

"मामा, सोमवारपर्यंत हॉल मोकळा करावा लागेल," प्राचार्यबाई म्हणाल्या. त्यांनी त्याला ऑफिसात बोलावलं नाही, स्वतः लायब्ररीत आल्या आणि एका स्टुलावर बसल्या. "फरशी धुवायला मशीन येणार आहे. त्या मुलीची ज्यूरी आहे. बाकीचेही येतील."

"हो."

"मी दुसऱ्या कोणाला सांगू का काढायला? तुम्ही नका काढू."

"नाही, मीच काढीन."

त्यांनी एक विटेचा नमुना उचलला, उलटा करून बघितला, जागेवर ठेवला. "फोटो काढून ठेवू या. नीट मापं घेऊन नकाशा करून देते मी तुम्हाला. पुढेमागे बांधायचं झालं तर."

"तसं बांधायचं काही नाही आता."

"मामा," त्या म्हणाल्या, "तुमच्या खोलीला दारच नाहीये. बघितलंत का तुम्ही? मॅडम कधी असं विसरायच्या नाहीत."

"विसरली नाही. मी सांगायचं होतं."

"मग सांगा की," त्या हसून म्हणाल्या, आणि हसू अर्ध्यावरच राहिलं. उठून गेल्या.

रात्री क्वार्टरमध्ये त्याने विचार केला. टेप काढली की घर गेलं. घर गेलं की पावलांना यायला जागा उरणार नाही. पाइप चालतील, पत्रा कडकडेल, पण वळणारं कोणी नसेल. आणि दार कापलं तर? ती रोज त्याच्या भिंतीपर्यंत येते. नियम तिचाच, भिंतीतून जाणार नाही. तो सांगेपर्यंत कापणारही नाही, असं म्हणाली होती. मग एवढंच तर करायचं आहे. टेपचा हातभर तुकडा.

सोमवारच्या आत काहीतरी एक करायला हवं होतं.

७

शनिवारी दुपारी त्याने चपला मांडणीवर काढल्या आणि कटर घेऊन तो हॉलमध्ये गेला.

पुढच्या दाराने आत शिरला. बोळकांडीतून टोकाला आला आणि आपल्या खोलीच्या भिंतीसमोर उभा राहिला. कुठून कापायचं ते आतूनच कळेल, असं ताई मुलांना सांगत असे. आत उभं राहा, डोळे मिटा, बाहेर जावंसं वाटेल तिकडे दार. पण आत जायला वाट नव्हती. त्याने इतक्या वर्षांत पहिल्यांदा टेपवरून पाय टाकला. कोणी काही बोललं नाही.

खोली चांगली होती. कॉट बसली असती, टेबल बसलं असतं, आणि तरी फिरायला जागा राहिली असती. त्याच्या सवयी ओळखून आखलेली. तो मधोमध उभा राहिला.

पावलं सुरू झाली.

भिंतीआडून ऐकणं वेगळं होतं. आता ती त्याच्यासमोरच्या मोकळ्या फरशीवर पडत होती आणि फरशीवर काहीच नव्हतं. पुढचं दार. स्वयंपाकघर, तिथे थांबणं. परत. ती पडायची तिथे त्याची नजर आवाजाच्या किंचित मागे पोचत होती. बोळकांडी. मग त्याच्या समोर, टेपच्या पलीकडे, हात लांबवला तर पोचेल एवढ्यावर ती थांबली.

"ताई," तो म्हणाला. हॉलमध्ये आवाज घुमतो, पण हा घुमला नाही.

तो खाली बसला. कटरचं पातं पुढे सरकवलं. तेवढ्यात टेपच्या पलीकडच्या कडेला आवाज आला, खर्र, खर्र, हलकासा. टेपची कड एका जागी इवलीशी उचलली गेली आणि पुन्हा बसली. पुन्हा उचलली गेली. नखाने टोक शोधावं तशी.

त्याच्या दातांत कळ गेली. डोळ्यांत पाणी आलं. तो जवळजवळ हसला. "थांब गं," तो म्हणाला, "थांब, मी कापतो." पातं त्याने टेपवर टेकवलं.

आणि त्याच्या डाव्या हाताला, स्वयंपाकघराच्या भिंतीपाशी, खर्र, खर्र.

त्याने मान वळवली. तिथेही टेपची कड उचलली जात होती. समोरची थांबली नव्हती. दोन्ही एकाच वेळी. मग उजवीकडे, ताईच्या खोलीच्या बाजूला, अगदी त्याच घाईने. पावलं तर एकाच माणसाची आली होती, त्याने ऐकली होती. आणि मग पाठीमागे. पाठीमागे घर नव्हतं. ती घराची शेवटची भिंत होती, तिच्यापलीकडे ताईने काहीही आखलं नव्हतं.

पातं टेपवरून उचललं ते केव्हा, त्याला कळलं नाही. समोरच्या टेपच्या कडेवर त्याने अंगठा ठेवला आणि दाबला. अंगठ्याखाली काहीतरी होतं. जोर लावणारं नव्हतं ते. घरातल्या माणसाने दार लोटावं, आत आपलंच कोणी आहे हे माहीत असताना, तसं ते वर येत होतं. त्याने आणखी जोर लावला. तो समोरची भिंत दाबत होता आणि बाकीच्या तिन्ही बाजूंना नखं चालली होती.

"मामा?" हॉलच्या दारातून कोणीतरी म्हणालं.

सगळं थांबलं.

ती मुलगी मोजपट्टी घेऊन दारात उभी होती. चपला तिने बाहेर काढल्या होत्या. तो खोलीच्या मधोमध गुडघ्यांवर, एका हातात कटर, दुसऱ्या हाताचा अंगठा पांढरा पडलेला.

"काय करताय मामा?"

"टेप सुटत होती," तो म्हणाला. "दाबून बसवतोय."

ती दाराने आत आली, बोळकांडीतून टोकापर्यंत आली आणि भिंतीबाहेर थांबली. तिने चारही बाजूंनी नजर फिरवली. "चारी बाजूंनी सुटलीय की," ती म्हणाली. "एकेका जागीच. अशी कशी सुटली?"

तिने खाली वाकून हात पुढे केला, त्याला उठायला. तो हात धरून उभा राहिला, पण बाहेर पाऊल टाकायला त्याला बराच वेळ लागला, आणि तिने घाई केली नाही.

८

सोमवारी फरशी धुण्याचं मशीन आलं, तेव्हा ती मुलगीच ऑफिसात जाऊन बोलली. माझं घर लहान आहे, ती म्हणाली, उरलेल्या भागात मावतं. मॅडमचं काढू नका. प्राचार्यबाईंनी मामाकडे बघितलं. मग त्यांनी ते मान्य केलं. मशीनवाल्याने ताईच्या घराला वळसा घालून फरशी धुतली. मिस्त्रीने चारी बाजूंना काठ्या उभ्या करून दोरी बांधली, म्हणजे नवी पोरं चुकून जाणार नाहीत.

"किती दिवस ठेवायचं?" मिस्त्रीने विचारलं.

"बघू."

"बघू म्हणजे तुमचं वर्षभर," मिस्त्री म्हणाला आणि दोरीची गाठ पक्की मारली.

मुलीची ज्यूरी झाली, चांगली झाली. हॉल पुन्हा गजबजला. दुसऱ्या अंगाला घरं चिकटवली जातात, सोलली जातात. पोरं हसतात, भांडतात, भिंतीतून आलं म्हणून एकमेकांना टोमणे मारतात. त्या गोंगाटात काही ऐकू येत नाही. त्याने क्वार्टर सोडलं. गावात एक खोली भाड्याने घेतली आहे. तिला एकच दार आहे, आणि ते ज्याने कोणी काढलं त्याने विचार करून काढलेलं नाही.

सुट्टीच्या दिवशी मात्र तो येतो. जवळ जाऊन टेपच्या चारही भिंती बघतो. कड सुटली असेल तिथे अंगठ्याने दाबतो. मग लायब्ररीत, त्या भिंतीशी खुर्ची ओढून बसतो. पावलं येतात. पुढचं दार, स्वयंपाकघर, बोळकांडी. ती ताई आहे असं त्याला काही दिवशी वाटतं आणि काही दिवशी वाटत नाही. पण पावलं यायच्या आधीची दुपार आणि ती आल्यानंतरची दुपार यांत फरक आहे, आणि तो फरक सोडून दिला तर त्याच्याकडे दुसरं काही उरत नाही. ती टोकाशी येऊन थांबली की तो हातातलं काम खाली ठेवतो. पलीकडे कोणीतरी उभं असतं. अलीकडे तो बसलेला असतो. अंधारायला लागलं की तो उठतो.

दार ताईच्या खोलीच्या बाजूने हवं, हे आता त्याचं ठरलं आहे. अजून कापलेलं नाही.